उंबरठ्याखालून निसटलेला कण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ऑन-कॉल होतो. हा प्रकार माहीत नसेल तर सांगतो: आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं आणि सर्व्हरनं हाक मारली की रात्री-अपरात्री उठून लॅपटॉप उघडायचा. त्या आठवड्यात एक अलर्ट रोज रात्री चार-पाच वेळा वाजत होता. उठून बघावं तर काहीच नाही. काही रिक्वेस्ट फसलेल्या, मग आपोआप सगळं सुरळीत. तिसऱ्या रात्री वैतागून मी एक आकडा बदलला. आधी शंभरात एक रिक्वेस्ट फसली की अलर्ट वाजायचा, मी ते शंभरात पाच केलं. कारण लिहिलं, 'नॉइज कमी करण्यासाठी'. रिव्ह्यू करणाऱ्या मित्रानं मिनिटभरात मंजुरी दिली, कारण पुढच्या आठवड्यात ऑन-कॉलची पाळी त्याची होती.

त्यानंतर आम्ही सगळे शांत झोपलो. पाच आठवड्यांनी एका ग्राहकानं कळवलं की त्यांच्या काही पावत्या तयारच होत नाहीयेत. शोधाशोध केली तेव्हा दिसलं, शंभरातल्या दोन रिक्वेस्ट नेमानं फसत होत्या. जुन्या आकड्याच्या वर, माझ्या नव्या आकड्याच्या खाली. पाचही आठवडे डॅशबोर्ड हिरवागार होता.

ते सगळं निस्तरून झाल्यावर काही दिवसांनी मी कणभौतिकीच्या इतिहासाबद्दल वाचत होतो आणि एका जागी थबकलो. जिनिव्हात, पन्नास वर्षांपूर्वी, कुणीतरी अगदी माझ्याच कारणासाठी असाच एक आकडा वाढवला होता. त्यांच्या आकड्याखालून मात्र पावत्यांऐवजी एक नवा कण निसटला होता, ज्याच्या शोधाला पुढे नोबेल मिळालं.

खांदा

या गोष्टीतलं मुख्य पात्र म्हणजे लिऑन लेडरमन. न्यूयॉर्कचा माणूस, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. १९६२ साली त्यानं मेल्विन श्वार्ट्झ आणि जॅक स्टाइनबर्गर यांच्यासोबत दाखवून दिलं होतं की न्यूट्रिनो एकाहून जास्त प्रकारचे असतात. म्हणजे हा काही नवशिका नव्हता.

१९६० च्या दशकाच्या शेवटी लेडरमनच्या गटानं अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत एक प्रयोग केला. तिथल्या यंत्रातून सुमारे ३० जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियमच्या ठोकळ्यावर आदळायचे आणि त्यातून निघणाऱ्या म्युऑनच्या जोड्या मोजायच्या. जीईव्ही हे ऊर्जेचं एकक. अंदाज यावा म्हणून सांगतो, प्रोटॉनचं स्वतःचं वस्तुमान साधारण ०.९४ जीईव्हीइतकं असतं. आणि म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. तो जाड लोखंडातूनही आरपार जातो, म्हणून त्याला बाकीच्या कचऱ्यातून वेगळं काढणं सोपं. मध्ये भरपूर लोखंड ठेवा, पलीकडे जो पोचेल तो म्युऑन.

पण सोप्या उपायाची किंमत असते. लोखंडातून जाताना म्युऑन थोडा थोडा ढकलला जातो, त्याची दिशा बदलते, ऊर्जा कमी होते. त्यामुळे पलीकडे पोचलेल्या दोन म्युऑनवरून मूळ ऊर्जा काढायला गेलं की उत्तर पसरट येतं. पावसात चष्म्यावर पाणी असताना समोरच्या गाडीचे दिवे दिसतात तसं.

जोडीचं वस्तुमान आडव्या अक्षावर आणि जोड्यांची संख्या उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर रेघ उतरत जायला हवी होती. ती उतरत होतीच, पण ३ जीईव्हीच्या पुढे मध्येच ती थोडी सपाट झाली आणि मग पुन्हा उतरली. डोंगराच्या धारेवर माची असते तशी. भौतिकशास्त्रज्ञ त्याला आजही 'लेडरमनचा खांदा' म्हणतात. १९७० मध्ये निकाल छापला गेला. खांदा सगळ्यांना दिसला होता. पण त्या पसरट रेघेच्या आत एक टोकदार सुळका दडलाय, असं त्या उपकरणाच्या भरवशावर कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

गादीतले खडे

इकडे युरोपात सर्न या संस्थेनं जिनिव्हाजवळ एक वेगळंच यंत्र बांधलं. तोवर प्रोटॉनला वेग देऊन स्थिर ठोकळ्यावर आपटायची पद्धत होती. त्यात बरीचशी ऊर्जा वाया जाते. उभ्या गाडीला दुसरी गाडी धडकली की दोन्ही पुढे घसरत जातात, धडकेची बरीच ऊर्जा त्या घसरण्यात जाते. २८ जीईव्हीचा प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर आदळला तर नवे कण घडवायला जेमतेम ७ जीईव्ही उरतात. पण दोन्ही प्रोटॉन समोरासमोरून आणले तर सगळीच ऊर्जा हाती लागते.

या यंत्राचं नाव होतं इंटरसेक्टिंग स्टोरेज रिंग्ज, थोडक्यात आयएसआर. एकमेकींत गुंफलेल्या दोन वर्तुळाकार नळ्या, ८ ठिकाणी छेदणाऱ्या. २७ जानेवारी १९७१ रोजी त्यात प्रोटॉनची प्रोटॉनशी पहिली टक्कर झाली. प्रत्येक बाजूनं सुमारे ३१ जीईव्ही, म्हणजे एकूण ६२. जगात दुसरीकडे कुठेही एवढ्या ऊर्जेच्या टकरी घडवता येत नव्हत्या.

आता प्रश्न, टक्कर झाल्यावर बघायचं कुठे? डिटेक्टर महाग असतात, जागा कमी असते, सगळीकडे डोळे लावता येत नाहीत. त्या काळातला अनुभव असा होता की प्रोटॉन धडकले की नवे कण मुख्यतः पुढच्या दिशेनंच उडतात, प्रोटॉनच्या मार्गाला जवळजवळ चिकटून. बाजूला उडणाऱ्यांची संख्या झपाट्यानं घटते: आडव्या दिशेचा संवेग एक जीईव्हीनं वाढला की कणांची संख्या काहीशे पटींनी कमी. कापसाच्या दोन गाद्या एकमेकींवर आपटल्या तर कापूस उडेल, पण बंदुकीच्या गोळीसारखं काही काटकोनात सुटणार नाही. प्रोटॉनही तसाच मऊ असावा, असं बहुतेकांना वाटत होतं.

म्हणून आयएसआरवरची बरीच उपकरणं पुढच्या बाजूला पाहणारी होती. तिथला मोठा चुंबक, स्प्लिट फील्ड मॅग्नेट, हाही पुढे जाणाऱ्या कणांसाठीच आखलेला. काटकोनात जाणाऱ्या कणांच्या बाबतीत तो कमजोर होता.

याचा अर्थ ती माणसं चुकीचं काम करत होती असा नाही. पुढे पाहणाऱ्यांना पुढचं उत्तम दिसलं. रोमच्या गटानं छोटी भांडी बनवली होती, जी नळीच्या आत सरकत प्रोटॉनच्या झोतापासून काही मिलिमीटरवर जाऊन थांबायची आणि जेमतेम दिशा बदललेले प्रोटॉन टिपायची. त्यांना 'रोमन पॉट' म्हणतात आणि तीच कल्पना आजही सर्नमध्ये वापरात आहे. त्यातून आणि पिसा-स्टोनी ब्रुक गटाच्या मोजमापातून १९७३ मध्ये कळलं की ऊर्जा वाढते तसा प्रोटॉनचा आकार, म्हणजे समोरून येणाऱ्याला तो जेवढा 'मोठा' दिसतो ते क्षेत्रफळ, आयएसआरच्या पल्ल्यात सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं. हे कुणाला अपेक्षित नव्हतं.

पण काही गट बाजूलाही बघत होते. त्यातला एक सर्न, कोलंबिया आणि रॉकफेलर विद्यापीठाचा एकत्रित गट. लेडरमन यात होता. त्यांनी शिसं मिसळलेल्या काचेचे ठोकळे झोताच्या दोन्ही बाजूंना काटकोनात लावले होते. त्यांना हव्या होत्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. ब्रुकहेवनला जे म्युऑनमध्ये पुसट दिसलं, ते इथे इलेक्ट्रॉनमध्ये नीट शोधायचं, अशी ही चाल.

यंत्र सुरू झालं आणि ठोकळ्यांमध्ये उजेडाचा पूर आला. इलेक्ट्रॉनमुळे नाही, पायॉनमुळे. विद्युतभार नसलेला पायॉन जन्मताच फुटून दोन फोटॉन देतो आणि शिशाच्या काचेत फोटॉनही इलेक्ट्रॉनसारखाच उजेड पाडतो. जुन्या हिशोबानं काटकोनात एवढे जोरदार पायॉन यायलाच नको होते. आले ते त्या हिशोबाच्या कित्येक हजार पटींनी जास्त. आणखी दोन गटांनाही हेच दिसलं.

अर्थ स्पष्ट होता. गादीत खडे आहेत. काही वर्षांपूर्वी स्टॅनफर्डला प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारून त्याच्या आत टणक, बिंदूसारखे कण असल्याचे पुरावे मिळाले होते. आता प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही तेच दिसत होतं: एका प्रोटॉनमधला खडा दुसऱ्यातल्या खड्यावर नेमका आपटला की दोन्ही काटकोनात उडणार. आज आपण त्या खड्यांना क्वार्क आणि ग्लुऑन म्हणतो. हा शोध फार मोठा होता.

आणि याच शोधानं दुसरा शोध झाकला.

आकडा वाढवला

प्रत्येक टक्कर नोंदवून ठेवणं तेव्हा शक्य नव्हतं, आजही नाही. म्हणून मध्ये एक चाळणी असते, तिला ट्रिगर म्हणतात. काचेच्या ठोकळ्यात ठरावीक उंबरठ्यापेक्षा जास्त ऊर्जा दिसली तरच नोंद करायची, नाहीतर टक्कर सोडून द्यायची. सोडून दिलेली टक्कर कायमची गेली, ती परत बघता येत नाही.

पायॉनच्या पुरामुळे ट्रिगर सारखा वाजायला लागला. टेप भरत होत्या आणि त्यात हवे ते इलेक्ट्रॉन जवळपास नव्हतेच. मग उंबरठा वर सरकवला गेला. मला हे वाचताना माझी ती तिसरी रात्र आठवली. निर्णय अगदी समंजस होता. तुम्ही-मी तिथे असतो तर हेच केलं असतं.

११ नोव्हेंबर १९७४. ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग आणि स्टॅनफर्डला बर्टन रिक्टर, दोघांच्या गटांनी एकाच दिवशी एकाच नव्या कणाची घोषणा केली. टिंगनं त्याला 'जे' म्हटलं, रिक्टरनं 'साय'. आज त्याचं नाव जे/साय असंच जोडून घेतात. वस्तुमान ३.१ जीईव्ही. चार्म नावाचा चौथा क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांची ती जोडी होती. एवढ्या जड कणाकडून अपेक्षा असते त्याच्या हजारपट जास्त काळ तो टिकत होता, म्हणून आलेखात त्याचा सुळका अतिशय बारीक आणि उंच होता. १९७६ मध्ये टिंग आणि रिक्टरला नोबेल मिळालं.

टिंगचा प्रयोग तर ब्रुकहेवनच्या त्याच यंत्रावर झाला होता, जिथे लेडरमनला खांदा दिसला. फरक उपकरणाच्या धारेत होता. टिंगनं इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजल्या, मध्ये लोखंडाचा डोंगर न ठेवता, अतिशय बारकाईनं. खांद्याच्या आत सुळका निघाला.

आणि आयएसआर? तिथे १९७४ च्या आधीही जे/साय तयार होतच असणार, कारण ऊर्जा भरपूर होती. बातमी आल्यावर शोधला तेव्हा तो तिथेही दिसला. पण ३.१ जीईव्हीचा कण फुटून दोन इलेक्ट्रॉन निघाले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दीड जीईव्ही येतात. वर सरकवलेल्या उंबरठ्याखाली ते राहून गेले. लेडरमनच्या हातून एकच कण दोन खंडांत दोनदा निसटला. पहिल्यांदा नजर पुसट होती म्हणून, दुसऱ्यांदा नजर मुद्दाम वर ठेवली म्हणून.

ऊप्स

इथे गोष्ट संपली असती तर ती हळहळ लावून गेली असती. पण लेडरमन पुन्हा कामाला लागला, आता शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये. १९७६ मध्ये त्याच्या गटाला इलेक्ट्रॉनच्या जोड्यांत ६ जीईव्हीजवळ दाटी दिसली. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पन्नासात एक, असा हिशोब झाला. दोनदा हुकलेल्या माणसानं तिसऱ्यांदा वाट का पाहावी? गटानं निकाल छापला, नव्या कणासाठी 'अप्सिलॉन' हे नावही सुचवलं. मग आणखी मोजमापं आली आणि दाटी विरून गेली. कण नव्हताच. सहकाऱ्यांनी अप्सिलॉनवर कोटी करत त्या नसलेल्या कणाचं बारसं केलं: 'ऊप्स-लिऑन'.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्याच गटाला ९.५ जीईव्हीजवळ म्युऑनच्या जोड्यांत सुळका दिसला. या वेळी आणखी मोजलं, पुन्हा मोजलं. तो विरला नाही. रिकामं झालेलं अप्सिलॉन हे नाव त्याला मिळालं आणि त्यातून पाचव्या क्वार्कचा, बॉटमचा, पहिला पुरावा मिळाला.

कणभौतिकीत आज शोध जाहीर करण्यासाठी पन्नासात एक पुरत नाही. योगायोगाची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी खाली जावी लागते. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन जाहीर झाला तो याच कसोटीवर. असे कडक नियम कुणी शांतपणे बसून सुचलेले नसतात. बहुधा त्यांच्यामागे कुणाचा तरी ऊप्स असतो.

चहूबाजूंनी

आयएसआर १९८४ मध्ये बंद झालं. तिथून सर्न दोन गोष्टी शिकलं. पहिली यंत्राची: दोन झोत तासन्तास फिरत ठेवून टकरी घडवता येतात. दुसरी नजरेची: टक्कर कुठे काय उडवेल याचा अंदाज बांधून एकाच बाजूला बसू नका. पुढच्या यंत्रावरच्या यूए-१ डिटेक्टरनं टकरीच्या जागेला चहूबाजूंनी वेढून टाकलं. १९८३ मध्ये त्यातून डब्ल्यू आणि झेड कण सापडले. डब्ल्यूमधून निघणारा न्यूट्रिनो तर कुठल्याच डिटेक्टरला दिसत नाही. एका बाजूला ऊर्जा कमी पडतेय, म्हणजे तिकडून कुणीतरी न दिसता गेलं, असा तो ओळखायचा. ही वजाबाकी करायची तर बाकी सगळीकडे डोळे हवेत.

आजचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा २७ किलोमीटरचा. त्यावरचा सीएमएस डिटेक्टरही असाच वेढणारा. त्याच्या प्रचंड चुंबकाच्या बाहेर एक थर आहे. आतल्या थरांत न जिरलेली, चुंबक ओलांडून निसटलेली ऊर्जा टिपणं हे त्याचं काम. तो थर कुलाब्याच्या टीआयएफआरनं आणि चंदिगडच्या पंजाब विद्यापीठानं मिळून बनवला. निसटलेलं पकडणारा थर आपल्या मुंबईत घडला, हे मला फार आवडलं.

पण डोळे सगळीकडे लावले म्हणून उंबरठा सुटत नाही. या यंत्रात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. पहिली चाळणी काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन त्यातले सुमारे १ लाख ठेवते. दुसरी, हजारो संगणकांवर चालणारी, त्यातले हजारभर. चाळीस हजारांतलं एक वाचतं, बाकीचं जातं. कदाचित त्यात आपल्याला न सुचलेला एखादा कणही जात असेल.

हे तिथल्या लोकांना पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून ते काही टकरी कुठलीही अट न लावता, चिठ्ठ्या काढल्यासारख्या, ठेवून देतात. काहींची पूर्ण नोंद परवडत नाही तर मोजकेच आकडे टिपतात, पण टकरी जास्त घेतात. आणि २०१२ मध्ये सीएमएसनं काही डेटा चक्क पार्क करून ठेवला: आत्ता तपासायला संगणक मोकळे नाहीत, तरी नोंदवून ठेवू, पुढे बघू.

तो पार्क केलेला डेटा आज कुणालाही उतरवून घेता येतो. सर्ननं म्युऑनच्या ६ कोटींहून जास्त नोंदींची एक फाइल शिकणाऱ्यांसाठी खुली ठेवली आहे, दोनेक जीबीची. एका रविवारी मी ती पुण्यातल्या माझ्या खोलीत उतरवली. दोन म्युऑनच्या संवेगावरून जोडीचं वस्तुमान काढायचं, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित. शंभर ओळींचाही कोड लागला नाही. चहा होईपर्यंत आलेख आला.

३.१ वर जे/साय. सुईसारखा. लेडरमनला खांदा दिसला होता तिथेच. पुढे ९.५ जवळ अप्सिलॉन आणि त्याला लागून त्याची दोन भावंडं. खूप पुढे, ९१ वर, झेड. एका माणसाची दहा वर्षांची चुकामूक आणि भेट माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर, बोटभर अंतरात.

३० जीईव्हीजवळ आणखी एक उंचवटा होता. मी दचकलो. हा कुठला कण? मग फाइलसोबतची टीप वाचली: तो कण नाही, ट्रिगरचा परिणाम आहे. चाळणीचा उंबरठा स्वतःच आलेखावर उमटला होता. आधीपासून माहीत नसतं तर मी त्यालाही नाव देऊन बसलो असतो.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी अलर्टचा आकडा पुन्हा शंभरात एकवर आणला. आणि एक ओळ वाढवली: फसलेली असो वा नसो, दर हजारातली एक रिक्वेस्ट कुठलीही अट न लावता पूर्ण नोंदवून ठेवायची. रिव्ह्यू त्याच मित्राकडे गेला. त्यानं विचारलं, "ही हजारातली एक कशासाठी? काय शोधतोयस?"

मी लिहिलं, "माहीत नाही, म्हणूनच."

त्यानं मंजूर केलं. रात्री फोन आता पुन्हा वाजतो.